पिशवी वजा जाता

संग्रहालयाच्या खणात सव्वाशे-दीडशे वर्षं पडून असलेल्या पक्ष्याचा पंख आजही मोजता येतो. चोच मोजता येते, पायाची नळी मोजता येते, पिसांचा रंग तक्त्याशी ताडून बघता येतो. तळपायाच्या कातडीचा कण खरवडून त्यातून डीएनएसुद्धा काढता येतो. त्याचं वजन मात्र आता कुठल्याही यंत्राला करता येणार नाही. आत कापूस भरलेला आहे. वजन करायची संधी एकदाच होती, तो हाती लागला त्या दिवशी. त्या दिवशी ज्यानं त्याला धरलं त्याच्याकडे तराजू नव्हता, किंवा होता पण संध्याकाळ झाली होती, किंवा वजन करून मिळवायचं काय, असं त्याला वाटलं असेल.

पुण्यातल्या एका प्रकल्पात भारतीय पक्ष्यांच्या वजनांच्या नोंदी एकत्र करणारी संशोधक रोज या राहून गेलेल्या वजनांच्या मागावर असते. कामाचं नाव भारदस्त आहे, काम बरंचसं कारकुनी. जुनी पुस्तकं, नियतकालिकांचे पिवळे अंक, संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांचे फोटो, पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्यांच्या वह्या, कुणाच्या तरी प्रबंधाचं शेवटचं परिशिष्ट. यांतून वजनाचा आकडा शोधायचा आणि तक्त्यात उतरवायचा. आकडा उतरवायला अर्धं मिनिट पुरतं. तो उतरवण्याच्या लायकीचा आहे का, हे ठरवण्यात कधी अख्खी दुपार जाते.

घरच्यांना हे काम समजावणं तिला अवघडच गेलं. साताऱ्याच्या मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पक्ष्यांची वजनं? कशाला गं, खायचेत का?" सगळे हसले. पण मावशीचा प्रश्न अस्थानी नव्हता. भारतातल्या पक्ष्यांची जी जुनी वजनं छापील सापडतात, त्यांतली बरीचशी ज्यांना पक्षी खायचे होते त्यांनीच केलेली आहेत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि मार्शल यांचा भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. त्यात लावे, तितर, बदकं, पाणलावे यांची वजनं पौंड-औंसांत दिलेली आहेत. वटवट्या, माशीमार, फुलटोचे यांना मात्र कुणी काट्यावर घातलं नाही, कारण त्यांचं कालवण होत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाच्या ताटात काय पडत होतं, त्याची सावली आजच्या तक्त्यावर अशी पडलेली आहे. शिकारीच्या पक्ष्यांच्या ओळी भरगच्च, आणि झुडपात टिवटिवणाऱ्यांच्या ओळी भुंड्या.

औंसाचीही एक गंमत आहे. शिकाऱ्याचा काटा पाव औंसापर्यंत वाचता यायचा असं धरलं, तरी पाव औंस म्हणजे सात ग्रॅम. बदकाला तेवढा फरक चालून जातो. जांभळा सूर्यपक्षी अख्खाच सात-आठ ग्रॅमचा असतो. शिवाय मूळ नोंदीत 'एक पौंड बारा औंस' असं मोघम लिहिलेलं वजन नंतरच्या पुस्तकात ७९३.८ ग्रॅम होऊन येतं. वाचणाऱ्याला वाटतं, काय बारीक मोजलंय! तो दशांश साहेबाचा नसतो, गुणाकाराचा असतो. तिच्या तक्त्यात म्हणून मूळ एकक जपून ठेवायला वेगळा रकाना आहे. सहकाऱ्यांना तो फाजील वाटतो.

या कामाला जगभर ज्यांच्यामुळे शिस्त आली, त्यांत जॉन डनिंग हे नाव आधी घ्यावं लागतं. १९८४ साली वेस्टर्न बर्ड बँडिंग असोसिएशननं त्यांची एक पुस्तिका काढली. तिच्यात उत्तर अमेरिकेतल्या ६८६ जातींची वजनं होती. पुढे डनिंग इंडियानामधल्या पर्ड्यू विद्यापीठात गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जगभरच्या पक्ष्यांसाठी हाच उद्योग केला आणि सहा हजारांहून जास्त जाती गोळा केल्या. २००८च्या दुसऱ्या आवृत्तीत हा आकडा ८,७०० च्या पुढे गेला. म्हणजे तेव्हा जगात जेवढ्या जाती मानल्या जात होत्या, त्यांतल्या फार तर दीड हजारांच्या आसपास उरल्या. ग्रंथ उघडला तर चित्र नाही, वर्णन नाही, पक्ष्याच्या आवाजाबद्दल अक्षर नाही. पानामागून पान नुसते तक्ते.

त्या तक्त्यांकडे बघायला शिकावं लागतं. सरासरीच्या आजूबाजूला छोटे रकाने असतात: नर की मादी, किती पक्षी मोजले, सर्वांत हलका किती, सर्वांत जड किती, ऋतू कोणता, ठिकाण कुठलं. नवखा माणूस सरासरी उचलतो आणि निघून जातो. मुरलेला आधी 'किती पक्षी' हे बघतो. तिथं एक लिहिलेलं असेल तर ती सरासरी कसली, ते एका जीवाचं एका सकाळचं वजन. तरीही ती ओळ ठेवायची असते, कारण काही जातींच्या बाबतीत साऱ्या जगात तेवढंच आहे.

वजनांना वंशावळ असते, हेही तिला या कामात शिरल्यावर कळलं. चार पुस्तकांत एकच आकडा दिसला की आधी बरं वाटायचं, चार साक्षीदार मिळाले म्हणून. मग एकेका पुस्तकाचा संदर्भ मागे मागे नेत गेलं की चौघेही एकाच जुन्या लेखाच्या दारात येऊन उभे राहतात. वाटेत कुणी 'सुमारे' गाळलेलं असतं, कुणी 'मादी' गाळलेलं असतं. एखाद्यानं सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांची बेरीज करून दोनानं भागलेलं असतं आणि त्यालाच सरासरी म्हटलेलं असतं. साक्षीदार एकच, बाकीचे त्याच्याकडून ऐकलेले.

वह्यांची गोष्ट वेगळी आणि तिच्या मते जास्त रंगतदार. भारतात पक्ष्यांना पद्धतशीर कडी घालण्याचं मोठं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं केलं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडं मरू लागली आणि क्यासनूरचा ताप उजेडात आला. हा विषाणू सैबेरियाकडच्या विषाणूंच्या नात्यातला निघाला. मग त्याला वाहून आणणाऱ्या गोचिडी स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून आल्या असतील का, असा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेला पडला. संघटनेच्या पैशांवर आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं पक्षी पकडले गेले. पकडणारे हात पुष्कळदा बिहारमधल्या मीरशिकार समाजातल्या पारध्यांचे होते. पक्ष्याचं एक पीसही न दुखवता त्याला जाळ्यात आणण्याची विद्या त्यांच्याकडे पिढ्यांपासून होती. गोचिडीच्या शंकेपोटी सुरू झालेल्या कामानं पक्ष्यांबद्दल जेवढं ज्ञान जमा केलं तेवढं क्वचितच कशानं केलं असेल.

ती स्वतः असल्या शिबिरांत राबलेली आहे, त्यामुळे वहीतल्या आकड्यामागची सकाळ तिला दिसते. उजाडायच्या आत बारीक धाग्याची जाळी लागलेली असतात. पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालायचा. पिशवीतल्या अंधारात तो निपचित पडतो. मग पिशवीची नाडी पेसोलाच्या आकड्याला अडकवायची. पेसोला म्हणजे बोटाएवढ्या जाडीची स्प्रिंगची नळी, आत लाल-पांढरी पट्टी, स्विस बनावटीची. वारा असेल तर पिशवी झुलते आणि पट्टी थरथरते, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, अंगाच्या आडोशाला धरायची. वाचायचं, मोठ्यानं सांगायचं, लिहिणाऱ्यानं तो आकडा पुन्हा उच्चारायचा. पक्षी बाहेर काढून मापं घ्यायची, कडं घालायचं, सोडायचं. आणि मग रिकामी पिशवी पुन्हा काट्याला लावायची. हे शेवटचं काम सर्वांना टाळावंसं वाटतं, कारण रांगेत आणखी दहा पिशव्या वळवळत असतात. पण पिशवी दवानं भिजते, तिच्यात शिटलेलं असतं, एखादं पीस चिकटलेलं असतं. सकाळी सहाची पिशवी आणि दहाची पिशवी एका वजनाची नसते.

एका जुन्या वहीत तिला मार्चपासून पुढे एकाच जातीचे सगळे पक्षी दोन-दोन ग्रॅमनं जड झालेले दिसले. स्थलांतराआधीची चरबी म्हणावी, तर ते पक्षी बारमाही इथलेच. वही ज्यांच्या हाताखाली भरली गेली ते सर निवृत्त होऊन गावी राहतात. तिनं फोन लावला.

"सर, मार्चनंतर सगळेच पक्षी फुगलेत."

"कुठली वही? निळ्या पुठ्ठ्याची?" पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. "अगं, मार्चमध्ये पिशव्या बदलल्या आपण. आधीच्या मलमलच्या होत्या, फाटल्या. मग गावातल्या शिंप्याकडून मांजरपाटाच्या शिवून घेतल्या."

"मग हे आकडे पिशवी धरून आहेत की वजा जाता?"

"वजाच आहे. पण जुन्या पिशवीनं केलं असणार पोरांनी. मागच्या पुठ्ठ्यावर बघ, आतल्या बाजूला."

मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'नवी पि. ९, जुनी ७'. त्या दोन आकड्यांवर एका ऋतूतले सगळे पक्षी वाचले. वहीची पानं स्कॅन करून पाठवणारे लोक पुठ्ठा स्कॅन करत नाहीत. तेव्हापासून ती कुठलीही वही मागवताना पुठ्ठ्याचा फोटोही मागते.

आकडा बरोबर आहे याची खात्री पटली, तरी तो कुणाचा आणि कधीचा हे उरतंच. छोटा टिलवा डिसेंबरात आपल्या खाड्यांवर वीस-बावीस ग्रॅमचा असतो. परतीच्या प्रवासाआधी, एप्रिलच्या सुमारास, तोच पक्षी तिशी ओलांडतो. अमेरिकेतला माणकासारख्या लाल गळ्याचा हमिंगबर्ड एरवी तीन ग्रॅमचा, पण मेक्सिकोचं आखात ओलांडायच्या आधी जवळपास दुप्पट. अलास्कातून निघणाऱ्या पट्टेरी शेपटीच्या गॉडविटच्या अंगात निघतेवेळी निम्मी चरबीच असते, आणि तिला जागा व्हावी म्हणून त्याची आतडी आणि जठर आकसलेली असतात. २०२२च्या ऑक्टोबरात यांतल्या एका पाच महिन्यांच्या पिल्लानं अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता कापलं. त्याचं 'वजन' म्हणून कोणता आकडा लिहायचा? निघतानाचा, की चरबी जाळून पोचल्यानंतरचा? दोन्ही खरे आहेत आणि दोहोंची सरासरी त्याच्या आयुष्यातल्या जेमतेम एखाद्या दिवसाची असेल.

एवढं लांब जायलाच हवं असं नाही. थंडीच्या रात्रीत लहान पक्षी अंगातली चरबी जाळत बसतो आणि सकाळी संध्याकाळपेक्षा पाच ते दहा टक्के हलका असतो. अंडं घालायच्या बेतातली मादी जड भरते. गिधाडानं ताव मारला असेल तर त्याच्या पोटात किलोभर मांस असू शकतं. म्हणून वेळ लिहिलेली नोंद तिला सोन्यासारखी, आणि तशी नोंद दुर्मीळ.

वजन हे पक्ष्याच्या मनाचंही माप असतं, असं कुणी म्हटलं तर तिला ते फार ताणलेलं वाटत नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९४७ पासून ग्रेट टिट या पक्ष्याचा अभ्यास चालू आहे. आपल्याकडच्या वल्गुलीचा हा सख्खा नातलग. त्याला खाणारा स्पॅरोहॉक, म्हणजे शिक्र्याचा भाऊबंद, शेतीतल्या कीटकनाशकांमुळे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तिथून नाहीसा झाला आणि सत्तरच्या दशकात परत आला. अँड्र्यू गॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की, शिकारी गायब असताना ग्रेट टिट जड झाले होते आणि तो परतल्यावर पुन्हा हलके झाले. चरबी उपासमारीत तारते, पण स्पॅरोहॉक मागे लागला की तीच मारते. चोरांची भीती सरली की माणूस अंगावर दागिने घालून हिंडतो, त्यातला प्रकार. हा शोध ज्या आकड्यांतून लागला ते कुणी शोधासाठी लिहिले नव्हते. शिरस्ता म्हणून प्रत्येक पक्ष्याचं वजन लिहिलं जात होतं, एवढंच.

तोच स्पॅरोहॉक संकलकाला दुसऱ्या कारणानं छळतो. त्याचा नर दीडशे ग्रॅमचा, तर मादी तीनशेच्या घरात जाते. 'नर-मादी माहीत नाही' असा शेरा असलेली सरासरी त्याच्या बाबतीत काहीच सांगत नाही. माळढोकात उलट. नर साडेचौदा किलोपर्यंत, मादी साडेतीन ते पावणेसात.

माळढोकाच्या ओळीवर ती बराच काळ अडून होती. नराचं वजन बहुतेक सगळीकडे आठ ते साडेचौदा किलो असं दिलेलं असतं. पौंडांत फिरवून बघितलं की अठरा ते बत्तीस असे नेटके पूर्णांक बाहेर येतात आणि हे वजन कुणाच्या काट्यावर झालं असेल ते लक्षात येतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले, असं नमूद आहे. आज देशातल्या रानामाळांवर सगळे मिळून दीडशेच्या आसपासच उरले आहेत. सोलापूरच्या नान्नजला अभयारण्य आहे, पण तिथं माळढोक दिसणं हीच बातमी होते. अशा पक्ष्याला वजनासाठी पकडायचं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तेव्हा शिकाऱ्यांचे पौंड हेच हाताशी धरून चालावं लागतं. तो बत्तीस पौंडांचा नर खरोखर काट्यावर चढला होता, की संध्याकाळी तंबूत गप्पांमध्ये त्याचं वजन वाढलं, हे विचारायला आता कुणी नाही. मासे आणि शिकार यांच्या वजनाबद्दल माणूस सगळीकडे सारखाच असतो.

खोटेपणा नेहमी एवढा निरुपद्रवी नसतो. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलानं संग्रहालयांतून पक्षी चोरले आणि स्वतः मिळवल्याच्या नव्या चिठ्ठ्या त्यांच्या पायांना बांधल्या. रानपिंगळा १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची त्याची नोंद अशीच बनावट होती. तो पक्षी खरं तर जेम्स डेव्हिडसननं १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघडी पाडली, आणि ती गुजरातची नोंद बाजूला सारल्यामुळेच खऱ्या जागा शोधण्याकडे लक्ष गेलं. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रासमुसेन यांच्या चमूला रानपिंगळा जिवंत दिसला. शतकभर हरवलेला पक्षी आपल्या नंदुरबारकडच्या सागाच्या रानात सापडला. इथं लबाडी पकडता आली, कारण कातडं हातात होतं. त्याची शिवण, आतला कापूस, पिसांची झीज यांनी साक्ष दिली. नुसत्या वजनाच्या खोट्या आकड्यामागे असं काही उरत नाही. म्हणून माइनर्ट्‌झहागेनच्या नावची वजनं तिनं तक्त्यात घेतलेलीच नाहीत. यावर एकदा बैठकीत वाद झाला: खरी असतील तर? असोत, असं ती म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे वळली.

त्यापेक्षा कंटाळवाणी, पण जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे नावं. जुन्या पुस्तकांत डोंगरी मैना ही एकच जात होती. आता दक्षिणेकडच्या सह्याद्रीतली आणि श्रीलंकेतली वेगळी मानतात, आणि हिमालयापासून बस्तरपर्यंतची वेगळी. दक्षिणेकडची अंगानं लहान. 'डोंगरी मैना, भारत' एवढंच लिहिलेलं वजन आता कुणाच्याच खात्यावर टाकता येत नाही. ठिकाण लिहिलेलं असेल तर ओळ वाचते. ज्यानं 'भारत' लिहिण्याऐवजी तालुक्याचं नाव लिहिलं, त्याचे आभार मानावेसे वाटतात.

आज पक्षी बघणाऱ्यांची आपल्याकडे रेलचेल आहे. शनिवार-रविवारी भिगवणला कॅमेऱ्यांची रांग लागते. संकेतस्थळांवर भारतातल्या पक्ष्यांच्या लाखो नोंदी आणि फोटो जमले आहेत. एकाही फोटोत वजन नाही. पक्षी पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे वजन करू शकणारे हात मोजके, आणि त्यांनी लिहिलेलं पुष्कळदा कपाटात राहतं.

लिहीत राहण्यानं काय होतं याचं तिचं आवडतं उदाहरण शिकागोचं आहे. तिथल्या फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलार्ड १९७८ पासून सकाळी मिशिगन सरोवराकाठच्या एका प्रचंड इमारतीच्या पायथ्याशी जायचे, रात्रीतून काचांवर आपटून मेलेले पक्षी उचलायला. प्रत्येकाचं वजन, पंख, पाय, चोच हातानं मोजून वहीत लिहायचे. चाळीस वर्षांत ५२ जातींचे ७०,७१६ पक्षी झाले. २०१९च्या अखेरीस ब्रायन वीक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पायाचं हाड २.४ टक्क्यांनी आखूड झालंय, पंख १.३ टक्क्यांनी लांबलाय आणि वजन घटलंय. हवामान तापतंय तसे पक्षी लहान होताहेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. ॲमेझॉनच्या जंगलातल्या ७७ जातींबाबतही २०२१ साली असाच निष्कर्ष आला. शिकागोत एकाच माणसानं, त्याच पद्धतीनं मोजलं होतं म्हणून एवढा बारीक फरक दिसू शकला. चाळीस वर्षांत चाळीस जणांनी मोजलं असतं, तर तो माणसामाणसांतल्या फरकात बुडाला असता.

आणि याच बातमीनं तिच्या तक्त्याची पंचाईत करून ठेवली. पक्ष्यांची वजनं दशकागणिक बदलत असतील, तर १९३०ची नोंद आणि २०१५ची नोंद एका सरासरीत कशा घालायच्या? वर्षाचा रकाना होताच. आता त्याशिवाय ओळ स्वीकारायची नाही असं ठरलं.

मग रिकाम्या घरांचा प्रश्न. प्रकल्पातले संगणकवाले तरुण सहकारी म्हणतात, रिकामं कशाला ठेवायचं? पंखाची लांबी आहे, जवळच्या जातीचं वजन आहे, सूत्र लावलं की आकडा येतो. ते चूक बोलत नाहीत. २०२२ साली निघालेल्या ॲव्होनेट या जागतिक संचात ११,००९ जातींचे नव्वद हजारांहून अधिक पक्षी मोजलेले आहेत. चोच, पंख, शेपूट, नळी हे सारं संग्रहालयांत जाऊन नव्यानं घेता आलं. वजन मात्र बहुतांशी आधीच्या छापील नोंदींतूनच उचलावं लागलं, आणि जिथं नव्हतं तिथं अंदाज. तिची हरकत अंदाजाला नाही. अंदाजानं आलेला आकडा एकदा घरात बसला की पाच वर्षांनी तो मोजलेल्यांच्या पंक्तीत जेवू लागतो, याला आहे. शेवटी तडजोड झाली. अंदाजाचे आकडे दुसऱ्या फाइलीत राहतात, आणि मुख्य तक्त्यात घर रिकामंच. रिकामं घर बघून कुणीतरी तो पक्षी पुढच्या वेळी पिशवीत घालेल, अशी तिला आशा आहे.

एवढा खटाटोप कुणासाठी? गिऱ्हाइकं अनपेक्षित असतात. विमान बनवणाऱ्यांना चार पौंडांचा पक्षी आदळला तर सांगाडा टिकतो का, हे सिद्ध करावं लागतं. मग कुठल्या विमानतळाभोवती चार पौंडांहून जड पक्षी किती, हे कुणीतरी विचारतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मरतात हे २००४ साली कळलं. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालेल का, याच्या चाचण्यांमध्ये औषधाची मात्रा गिधाडाच्या किलोमागेच ठरवावी लागली. २०१३च्या नोव्हेंबरात नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रं बसवली गेली. नागा, पांगती आणि वोखा ही त्यांची नावं. यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जड नसावं, असा एक संकेत आहे. पाच ग्रॅमसाठी पक्षी १६७ ग्रॅमच्या वर हवा. पुस्तकात अमूर ससाणा साधारण शंभरापासून एकशे ऐंशीच्या पुढेपर्यंत आहे. दोयांगच्या जलाशयाकाठी तो अरबी समुद्र ओलांडण्याआधी वाळव्या खाऊन गुबगुबीत होतो, म्हणून तिथं हिशेब जमतो. इतरत्र, दुसऱ्या महिन्यात, जमेलच असं नाही.

परवा दुपारी एका विद्यार्थ्याचा निरोप आला. 'मॅडम, छोट्या टिलव्याचं वजन हवं होतं. परवानगीच्या अर्जात लिहायचंय, आजच्या आज.' तिनं उलट विचारलं, पकडणार कधी आणि कुठे? डिसेंबरात, खाडीवर, असं उत्तर आलं. यंत्रं एक ग्रॅमची, आधीच मागवून झालेली.

तिनं ठाण्याच्या आणि मुंबईच्या खाड्यांवरच्या हिवाळी नोंदी वेगळ्या काढल्या आणि पाठवताना खाली लिहिलं: वीस ग्रॅमच्या पक्ष्यावर तीन टक्के म्हणजे सहा दशांश ग्रॅम. तुमची यंत्रं बसणार नाहीत. एप्रिलपर्यंत थांबा आणि तेव्हाही पुरेसे जड पक्षीच घ्या, किंवा यंत्र बदला. सरासरीवर जाऊ नका, सर्वांत हलक्या पक्ष्यावरून हिशेब करा.

तासाभरानं उत्तर आलं. गाईडशी बोललो, एप्रिलला जातोय. नंतर आमची वजनं तुम्हाला हवीत का?

हवीत, तिनं लिहिलं. सरासरी काढून पाठवू नका. वहीचे फोटो पाठवा, पुठ्ठ्यासकट.